एकोणीस बाटल्यांचा पाडाव

सकळ जाणत्या मंडळींस विदित व्हावे की, ज्या घरी माणसे चार आणि न्हाणीघर एक, त्या घरच्या युद्धाची ही हकीकत, जैसी घडली तैसी, कोणाची भीड न धरिता लिहिली असे.

मुलूख तिसऱ्या मजल्यावरील. न्हाणीघराच्या कट्ट्यावर एकोणीस बाटल्यांनी ठाणे दिले होते. पैकी शाम्पूच्या सात, केस मऊ करावयाच्या चार, अंगास लावावयाच्या पाच, आणि उरल्या तीन कशाच्या, हे आणणारासही ठाऊक नव्हते. इमारतीची लिफ्ट दोन महिने आजारी, सबब या फौजेची रसद सूनबाईंच्या खांद्यावरून वर चढे. सूनबाई दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणाऱ्या, नजर बारीक. चिठ्ठी वाचल्याविना नळीस हात लावणे त्यांस हराम.

ऐसे असता एके शनिवारी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पिशवीचा बंद तुटला, आणि बाटल्या गडगडत तळमजल्यास मुक्कामी गेल्या, मग सूनबाई खाली उतरल्या, आणि धाप लागून पायरीवर बसल्या, आणि हाताच्या सवयीने एका बाटलीची पाठ वाचू लागल्या. पहिले नाव पाणी. दुसरी उचलली, पाणी. तिसरीही तीच. जे अधिक ते आधी लिहावे, हा चिठ्ठीचा कायदा त्यांस ठाऊक होता. घरी नळ वाहता असून आपण तीन जिने पाणीच वाहतो, तेही गुलाबाच्या वासाचे, हे ध्यानी येताच मस्तकी तिडीक उठली.

मग त्याच दुपारी दरबार भरवून फर्मान काढिले की, यापुढे पाण्याची बाटली या घरी येणे नाही. केसांस कोरडी वडी, दातांस चावून घासावयाच्या गोळ्या, पाणी ज्याचे त्याने नळाचे घ्यावे. यावर यजमान, विमा कचेरीतील हेडक्लार्क, यांनी फेसाविना स्नान म्हणजे नुसते भिजणे, ऐसी तक्रार गुदरली. कन्या, कंबरेएवढ्या केसांची मालकीण, तिने तर साफ जाबसाल केला, "आई, भांड्यांची वडी डोक्याला लावू का मी?"

चौथे आप्पा, यजमानांचे वडील, कोपऱ्यात खुर्चीवर होते. त्यांस कोणी पुसले नाही. आप्पांनी पाणीपुरवठ्याच्या पंपावर तेहतीस वर्षे चाकरी करून सारे गाव न्हाऊ घातले होते. परंतु आठ महिन्यांमागे अर्धांगवायूचा घाला येऊन डावा हात कामातून गेला, आणि बोलणेही आटले. बाटली दाबावयास एक हात आणि झेलावयास दुसरा, तो कोठून आणावा? म्हणून रोज सकाळी लेक, म्हणजे यजमान, त्यांस न्हाऊ घाली, आणि तितका वेळ ते डोळे मिटून बसत.

पहिल्या स्वारीत सूनबाईंनी पुढे आली ती वडी उचलली, आणि कन्येने नाक मुरडून ती लावली, आणि दुसरेच दिवशी कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो होता. केस ऐसे चिकटले की फणी मध्यावर अडकून तशीच लोंबत राहिली. "तीन वर्षं हा फोटो गळ्यात घालून फिरायचंय मला," इतके बोलून कन्या रडू लागली. शिकस्त पुरी जाहली. बाटल्या कट्ट्यावर मानाने परतल्या, आणि यजमान वर्तमानपत्राच्या आड हसले, ते वर्तमानपत्र हलले त्यावरून कळले.

सूनबाई वडी कचऱ्यात टाकणार, तो कोपऱ्यातून हुकूम आला.

"ती वडी इकडे आण गं. आणि मगभर पाणी."

आप्पांनी उजव्या हाताने वडी मगात फिरवली, आणि पाण्यावर पांढरा गाळ तरंगू लागला, तो त्यांनी बोटावर घेऊन उजेडात धरिला. "हा साबण आहे. आपलं पाणी बोअरचं, जड. साबण त्यात फाटतो, आणि हा साका धरतो. पोरीच्या केसांत हाच बसलाय. साबण नसलेली वडी मिळते का बघ."

आठ महिन्यांत आप्पा इतके बोलले नव्हते. सूनबाई तो पाण्याचा मग हातात धरून उभ्याच राहिल्या.

मग दुसरी मोहीम मांडली. सूनबाईंनी दुकानात उभे राहून एकेक वेष्टन ऐसे वाचिले की दुकानदाराने आपण होऊन स्टूल दिले. साबण नसलेली शाम्पूची वडी हाती लागली, मध्ये भोक असलेली. त्यात दोरी ओवून ती नळाच्या उजव्या अंगास, आप्पांच्या हाताच्या उंचीवर टांगली. सोमवारी आप्पा काठी टेकीत निघाले, मागे टॉवेल घेऊन लेक निघाला, तो दारात त्यांनी वळून म्हटले, "तू बाहेर थांब." आणि आतून कडी लागली.

बाहेर तिघे उभे. आत स्टूल सरकले, पाणी पडले, मग काहीच नाही. यजमानांनी दारावर हात ठेविला, सूनबाईंनी तो काढिला. इतक्यात आतून शब्द आले, "पळतेस कुठं, दोरीला बांधलीय तुला." कन्येने तोंडावर ओढणी धरिली. वीस मिनिटांनी आप्पा बाहेर आले, कानामागे फेस तसाच, सदऱ्याची बटणे एक घर चुकलेली. ती कोणी सुधारली नाहीत. यजमान टॉवेल छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून उभे होते.

त्यानंतर कन्येने आपण होऊन वडी मागून घेतली, आणि फणी वरून खालपावेतो निर्वेध गेली. यजमानांनी दाढीच्या फेसाचा एक डबा राखून बाकी मुलूख सोडिला. बाटल्या फेकल्या नाहीत. त्या वापरून संपल्या तैशी एकेक ठाणी उपासमारीने पडली. कट्टा मोकळा होऊन सूनबाईंची फत्ते जाहली, ऐसे दाखल असे.

तहाचे एकच कलम अडले. पाय घसरला तर, म्हणून आतून कडी न लावावी, ऐसे लेकाने मागितले. आप्पांनी दोन दिवस विचार करून उत्तर दिले, "कडी लावत नाही. पण मी हाक मारल्याशिवाय आत यायचं नाही." उभयपक्षी मान्य जाहले. लेक रोज सकाळी सात वाजता दाराबाहेर उभा असतो. आजतागायत हाक आलेली नाही.