दहा वर्षांची प्रथिने

एका जंगलात, बाळांनो, करवंदीच्या जाळीखाली रावजी नावाचा रानउंदीर राहत असे. बायको सगुणा, पिल्लं सात आणि अक्कल बेताची.

दरवर्षी सगुणा कुळीथ-मटकीला कडक ऊन दाखवी, राख चोळी, वर बिब्बे घालून मडकी भरी. पावसाळ्यात बिळाबाहेर पाय टाकता येत नसे, तेव्हा त्या मडक्यांवर सगळं घर जगे. इतकी साधी गोष्ट. म्हणूनच रावजीला तिची लाज वाटे.

त्या वर्षी जंगलात 'प्रथिने' हा शब्द आला. सशापासून सांबरापर्यंत जो तो प्रथिनांवर बोलू लागला. रावजी मागे कसा राहील? त्याने आहारतज्ज्ञ पालबाईंना घरी बोलावलं.

पालबाईंनी मडक्यात डोकावून नाक मुरडलं. "हे काय?"

"कुळीथ," सगुणा म्हणाली.

"मी प्रथिनांबद्दल विचारतेय."

"अडाणी आहे हो ती," रावजी घाईने म्हणाला.

"राख धुऊन टाका. बिब्बे फेका. मडकी काळोखात ठेवा आणि प्रथिनं मुरेपर्यंत, म्हणजे दहा वर्षं, कुणी हात लावायचा नाही. तपासायला मी येईन."

सगुणाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण भिंतीवरची पाल जास्त शिकलेली होती.

"अहो, पोरं या पावसाळ्यात काय खातील?"

"दहा वर्षांची योजना आहे, आणि तू पावसाळ्याचं काय घेऊन बसलीस?" असं म्हणून त्या शहाण्याने कुळीथ स्वतःच्या हाताने धुतले आणि ओलेच भरले.

पाऊस लागला. पालबाई आठवड्यातून दोनदा येत आणि एकट्याच आत जाऊन मडकी तपासत. बाहेर येताना त्यांचं पोट सुटलेलं दिसे. रावजीला वाटे, विद्वत्ता.

पिल्लं मुळं चघळून राहिली. एक उठेनासं झालं, तेव्हा सगुणाने कुणाला न विचारता मडकं फोडलं. आत नुसता भुसा होता आणि त्यात सोंडे वळवळत होते.

"बाई, कुळीथ गेले," तपासणीला आलेल्या पालबाईंपुढे रावजी रडवेला झाला.

"कुळीथ गेले, प्रथिनं आहेत ना." पालबाईंनी एक सोंडा गिळला. "उलट वाढलीच आहेत."

रावजीला हायसं वाटलं. "बघ, योजना चुकली नव्हती," तो मागे वळून म्हणाला.

मागे कोणी नव्हतं. सगुणा सहा पिल्लं घेऊन भर पावसात माहेरी निघाली होती. सातव्याला आता कुठेच न्यायचं नव्हतं.

तात्पर्य: घरातली साठवण नेहमी तज्ज्ञाला विचारूनच करावी. म्हणजे निदान तज्ज्ञ तरी उपाशी राहत नाही.