परातेंचे वसंतातले मोजे

होळी जवळ आली की नागपुरात लोक कूलर खाली काढून धुतात. आमच्या ऑफिसातले मनोहर पराते त्याच सुमारास मोजे विणायला घ्यायचे.

"पराते, मोजे थंडीत घालतात," असं दरवर्षी कोणीतरी त्यांना सांगायचं.

"थंडीत तर सगळेच घालते जी," ते म्हणायचे आणि सुया चालू ठेवायचे.

आमचं सरकारी ऑफिस कालव्यांचे नकाशे काढायचं. मी मुख्य आरेखक, पराते माझ्या हाताखाली. कोष्ट्याच्या घरातला माणूस, डोळे मिटून धागा ओळखायचा. इतवारीतून सुती धागा आणायचे, डबा दहा मिनिटांत संपवायचे आणि उरलेली सुट्टी चार सुयांवर मोजा गोल फिरवत बसायचे. मध्येच बोलायला गेलं तर, "थांबा जी, फेरा होऊ द्या." एकदा मोठे साहेब टेबलाशी आले, त्यांनाही हेच उत्तर. साहेब थांबले. फेरा बावन्न टाक्यांचा होता.

नक्षी ते आधी आलेखाच्या कागदावर काढायचे, एका चौकोनाला एक टाका. पळसाची फुलं, आंब्याचा मोहर, एका वर्षी तर पोपट. त्याची चोच बरोबर घोट्यावर यावी म्हणून तीनदा उसवलं. तळवा मात्र नेहमी कोरा, पांढरा. "तिथे रंग संपतो का?" मी विचारलं. "तिथं पांढराच लागते," एवढंच म्हणाले.

हे मोजे कोणासाठी, ते आम्ही कधी विचारलं नाही. लग्न केलेलं नाही एवढं माहीत होतं, आणि थट्टेला तेवढं पुरायचं.

एका फाल्गुनात त्यांचा पळसाचा आलेख मी टेबलावरून उचलला आणि पलीकडच्या खोलीत दाखवून सगळ्यांना हसवलं. परत येऊन तो माझ्याच कागदांत ठेवला. दुपारी घाईने एक फाइल वर पाठवायची होती. कालव्याच्या छेदाच्या नकाशाऐवजी मी मोजा टाचला आणि खाली 'तपासले' लिहून सही केली. साहेबांचा शेरा आला : 'प्रमाण नमूद नाही.' आणखी वर मात्र कोणीतरी कागद खरोखर पाहिला, आणि साहेब तावातावाने खाली आले.

"हे काय आहे?"

"मोजा आहे, साहेब. परातेंचा. त्यांच्याच हातून गेला असणार. मी घाईत न पाहता सही केली."

इतक्या सहज बोललो की माझं मलाच खरं वाटलं. परातेंनी कागद उलटून पाहिला. "असंल जी," म्हणाले. "कागद तर माझाच आहे." त्यांना मेमो मिळाला. ऑफिसात सुया बंद झाल्या.

महिन्याभराने ते आठ दिवस आले नाहीत, म्हणून घरी चौकशीला गेलो, तर शेजाऱ्यांनी दवाखान्यात पाठवलं. तिथे खाटेवर त्यांची धाकटी बहीण कुसुम होती. दोघंच राहायची. साखरेच्या आजाराने तिच्या पायांची जाणीव गेली होती. पराते सांगत होते, "डॉक्टर म्हणते मोजे घाला. ही म्हणते, दवाखान्यातले नको. फुलं काढली की घालते." तळवा पांढरा एवढ्यासाठी, की जखम झाली तर रक्त लगेच दिसावं. घरी स्वयंपाक, तिची मलमपट्टी. विणायला वेळ मिळायचा तो फक्त ऑफिसातल्या सुट्टीत. जुने मोजे वर्षभरात विरायचे, आणि यंदा नवे झाले नव्हते. तापल्या अंगणात तिचा पाय भाजला, तिला कळलंही नाही. दोन बोटं काढावी लागली.

तेव्हा सांगता आलं असतं. मी नेलेली केळी टेबलावर ठेवली आणि घरी आलो.

मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो. कुसुमला जाऊन बरीच वर्षं झाली. पराते खिडकीशी विणत होते, मोजा अजून तिच्याच मापाचा. मी दारातच उभा राहून सांगून टाकलं, "तो कागद मी टाचला होता. तुम्ही नाही."

त्यांनी सुया मांडीवर ठेवल्या.

"मी समजून राहिलो होतो, मीच ठेवला," ते म्हणाले. "कुसुम म्हणे, दादा, तू इतका नीट माणूस, तुझ्या हातून कसं झालं? मी म्हणो, झालं वं. तिच्या बोटांचं पाप मी माझ्याच डोक्यावर घेऊन बसलो न जी. काहून नाही सांगितलं?"

"भ्यालो."

"ती होती तेव्हा तरी सांगाले पाहिजे होतं."

मी पुढे होऊन त्यांचे पाय धरायला वाकलो, तर त्यांनी ते खुर्चीखाली ओढून घेतले. मग त्यांची नजर खाली गेली.

"तुमची एक चप्पल कुठं आहे?"

मी पाहिलं. डावा पाय अनवाणी होता. चप्पल ऑटोत राहिली की रस्त्यात, मला पत्ताच नव्हता. अंगठ्याखाली एक खडा रुतून बसला होता.

"साखर?"

"दहा वर्षं झाली."

मला खुर्चीत बसवून पराते भिंतीला धरून सावकाश खाली बसले. माझा पाय त्यांनी मांडीवर घेतला, खडा काढला, अंगठा उजेडाकडे वळवून पाहिला. मग सुताच्या गुंड्यातून पांढरा धागा ओढून टाचेपासून बोटांपर्यंत लावला. ते मला पाहवेना. मी पाय मागे घेऊ लागलो.

"ठेवा जी," ते म्हणाले. "माप चुकते."