मारोतीआप्पा फोन पारखतात

मारोतीआप्पा मोबाईल आधी हुंगतात. खोटं नाही सांगत. मी खोक्यातून नवाकोरा फोन काढून त्यांच्या हातावर ठेवला, की ते तो नाकाजवळ नेतात, डोळे मिटतात, एक लांब श्वास घेतात आणि तसेच बसून राहतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. मी पाण्याची बाटली घेऊन धावले. आप्पांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "गप ऱ्हावा बाई. अंदाज घिऊन राहिलो."

लोह्याला बसस्टँडसमोर माझं मोबाईलचं दुकान आहे. पाटीवर नाव नवऱ्याचं, पण बसते मी. नवरा बसला की गिऱ्हाइकाशी राजकारण बोलतो आणि गिऱ्हाईक आमचाच चहा पिऊन निघून जातं. माझं तसं नाही. काचेवर तीन फोन मांडायचे, भाव सांगायचा, घ्यायचा तर घ्या, नाही तर मागच्याला वाट द्या. दहा मिनिटांत सौदा, असा माझा लौकिक होता. तो मारोतीआप्पांनी एका वर्षात मातीत घातला.

आप्पांचं गाव इथून जीपनं अर्ध्या तासावर. जन्मभर शेती केली, पण पंचक्रोशीत नाव झालं ते बैलांमुळं. कोणाला बैल घ्यायचा असला की आप्पांना बाजारात सोबत न्यायचे. लालकंधारी असो नाही तर देवणी, आप्पा पाठीवरून एकदा हात फिरवायचे आणि सांगायचे, ह्यो चालंल, ह्यो बसंल, ह्यो मालकालाच मारंल. दलालीचा रुपया घेतला नाही. चहा आणि भजी, बस्स. आता गावात बैल राहिले बोटावर मोजण्याइतके, आणि ट्रॅक्टर हुंगून काही कळत नाही. मग ती सगळी विद्या माझ्या काउंटरवर येऊन सांडली.

फोन त्यांना स्वतःला घ्यायचा नव्हता, त्यांच्या मुलाला तो त्यांच्यासाठी घेऊन द्यायचा होता. बालाजी त्याचं नाव. एकुलता एक, पुण्यात कंपनीत. आई गेल्यापासून आप्पा घरात एकटेच. त्यांच्याकडं बटनाचा जुना फोन होता, मागचं झाकण रबरानं बांधलेला. त्यावर बोलणं व्हायचं, पण बालाजीला आप्पांचं तोंड बघायचं असायचं. "ताई, भारीतला नको. बोट लावलं की चालावा, तोंड दिसावं, तेवढं पुरे," तो पहिल्याच रविवारी म्हणाला. मी म्हणलं, हे काय, दहा मिनिटांचं काम. कपाळ माझं!

त्या दिवसापासून दर महिन्याच्या एका रविवारी बालाजी पुण्याहून गाडी धरून यायचा, आप्पांना घेऊन दुकानात यायचा आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं परत निघायचा. कारण आप्पा फोन नापास करायचे.

पहिल्या फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचे तीन गोल होते. बैलाच्या अंगावरचा केसांचा भोवरा तपासावा तसा आप्पांनी त्यावरून अंगठा फिरवला. "हे भवरे तीन कशापायी?" मी बापडी खरं बोलले. म्हणलं, एक लांबचं काढायला, एक जवळचं, आणि तिसरा नुसता शोभेला, स्वस्तातल्या फोनात असतंच तसं. झालं! "शोभेचा भवरा म्हंजी लबाडीची खूण," असं म्हणून आप्पांनी फोन माझ्याकडं सरकवला आणि हात धोतराला पुसले.

दुसरा फोन काचेवर ठेवला होता, तेवढ्यात बालाजीनं त्यावर रिंग देऊन बघितली. फोन थरथरत दोन बोटं बाजूला सरकला. "बुजरं हाय. हाक मारली की पळतंय." नापास. तिसरा अर्ध्या तासात गरम झाला. आप्पांनी त्याला गालाला लावलं आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मलाच चोरट्यासारखं झालं. "बाई, कान तापलाय की ह्याचा. आजारी जनावर गळ्यात बांधताव व्हय?" चौथ्याला त्यांच्या बोटाचा स्पर्शच कळेना. बोटं ती, पन्नास वर्षं कासरा धरलेली. आप्पांनी आधी हळू दाबलं, मग जोरात दाबलं, मग चुचकारलं. मी सांगितलं, "दाबू नका, नुसतं टेकवा." आप्पा म्हणाले, "मी आलोय म्हून ज्याला सांगावं लागतं, ते काय आपलं व्हईल?"

मला हसूही यायचं आणि तळपायाची आग मस्तकातही जायची. बालाजी मात्र कधी चिडला नाही. "बरं आप्पा, पुढच्या टायमाला बघू," एवढंच म्हणायचा.

आणखी एक वेळखाऊ प्रकार होता. निकाल देण्याआधी फोन तासभर सोबतीला लागायचा. जनावर चार घटका जवळ बसल्याशिवाय कळत नाही, असं आप्पांचं म्हणणं. मग बापलेक दुकानासमोरच्या लिंबाखाली बाकड्यावर जाऊन बसायचे. फोन आप्पांच्या मांडीवर उताणा पडलेला, त्याच्याकडं दोघंही बघत नसायचे. आप्पा कुठल्या कुठल्या बैलांच्या गोष्टी सांगायचे. एक म्हणे दुसऱ्या तालुक्यात विकला, तर पंधरा दिवसांनी चालत घरी आला आणि दारात उभा राहून हंबरला. बालाजी हं हं करायचा. लिंबाची सावली सरकत सरकत त्यांच्या पायांवरून गुडघ्यांवर यायची, स्टँडवरची धूळ उन्हात तरंगायची, गाड्यांचे आवाज लांब कुठं तरी गेल्यासारखे वाटायचे. काउंटरमागं माझाही डोळा लागायचा. झोपेत मला ते दोघं दिसत राहायचे आणि जाग आली तरी तिथंच असायचे.

सहाव्या महिन्यात आप्पांनी नवाच घोळ घातला. फोन नापास केला आणि त्याचं कव्हर विकत घेतलं! म्हणाले, "दावं पैलं घिऊन ठिवू. जनावर सापडंल की." बरं, भाव करायचा तर बैलबाजारासारखाच, रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून. बाईमाणसाचा हात धरायचा कसा, म्हणून माझ्या नवऱ्याला चहाच्या टपरीवरून बोलावून आणलं. नवऱ्याला कुठली कळतेय बोटांची भाषा! आप्पांनी बोटं दाबली, ह्यानं मान डोलवली, आणि कव्हरासोबत काच आणि हेडफोनही गेला. त्या दिवशी घरी मी भाजीत मीठ घातलं नाही. पुढच्या महिन्यात तो फोनच कंपनीनं बंद केला, आणि आप्पांकडं कव्हर राहिलं. ते त्यांनी तंबाखू ठेवायला वापरलं.

एकदा मात्र आप्पा हरता हरता राहिले. त्या फोनला मालकाचं तोंड दाखवून कुलूप उघडायची सोय होती. मी आप्पांना टोपी नीट करायला लावली, सरळ बघायला लावलं आणि त्यांचं तोंड फोनमध्ये घेतलं. मग गंमत म्हणून बालाजीनं फोन स्वतःसमोर धरला. तर टक्कन उघडला! मी ओशाळले. म्हणलं, स्वस्तातला आहे हो, होतं असं कधी कधी. आता आप्पा बेइमान जनावर म्हणून माझा उद्धार करणार, अशी माझी खात्री होती. पण आप्पांनी फोन बालाजीकडून घेतला, परत त्याच्यासमोर धरला. परत उघडला. असं चार-पाच वेळा केलं. "वळखलं की गं बाई," असं स्वतःशीच म्हणाले. मग जाताना, हातात बसत नाही, थोडा अरुंद पायजे, असं काहीतरी पुटपुटून निघून गेले.

अशात एका रविवारी बालाजी आत आला तोच चेहरा पाडून. आप्पा बाहेर जीपवाल्याशी बोलत होते. तो म्हणाला, "ताई, कंपनी मला मस्कतला धाडायलीय. दोन वर्षं. मधी सुट्टी न्हाई. पुढच्या महिन्यात येतो तो शेवटचा रविवार. त्या दिवशी काही करून आप्पांच्या हातात फोन पडला पायजे, न्हाई तर मला तिकडं झोप लागणार न्हाई." मी म्हणलं, काळजी करू नको, यावेळी मी बघते तुझ्या आप्पांकडं. आणि खरंच, नांदेडला जाऊन मी स्वतः एक फोन निवडून आणला. गरम होत नव्हता, थरथरून सरकत नव्हता, राठ बोटही ओळखत होता, पाठीवर शोभेचं काही नव्हतं. वर्षभरात त्या म्हाताऱ्यानं मला चांगलंच शिकवलं होतं.

त्या रविवारच्या आधी, गुरुवारी दुपारी, आप्पा एकटेच दुकानात आले. असं कधी झालं नव्हतं. टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "बाई, पोरगं म्हनलं नवा फोन आनलाय. त्यो दावा."

मी दाखवला. त्यांनी हुंगला, तोलला, पाठ बघितली, बोट टेकवलं. फोन हुकमासारखा चालला. आप्पांचा चेहरा उतरत गेला.

"ह्याच्यात खोड काय हाय?"

"काही नाही."

"असंल की. एकांदी तर असंल. सांगा."

मला राग आला. "आप्पा, मी दुकानदार आहे. माझ्याच मालाची खोड मीच सांगू? अन् वर्षभर तुम्ही सगळ्यांच्या खोडी काढल्या, आता मला विचारताव?"

"सरल्या माझ्याजवळच्या," आप्पा म्हणाले. "भवरा झाला, ताप झाला, बुजणं झालं. आता काय सांगू पोराला? दर महिन्याला फोन घ्यायला येतंय ते. आठ घंटे गाडीत बसून येतंय, दिवसभर माझ्यापाशी ऱ्हातंय. एकदा फोन घेतला की कशाला यील?"

सांगते, माझा मलाच राग आला. वर्षभर मी त्या माणसाला खुळा समजत होते. मी उगीच फडकं घेऊन काच पुसायला लागले.

"पण आप्पा, ते तर मस्कतला चाललंय."

"हाव. म्हून तर. फोन मनासारखा झाला न्हाई तर म्हणंल, जरा थांबून जातो. महिनाभर तरी लांबंल."

खोटा होता तो हिशोब, त्यांनाही ठाऊक असणार. तरी मी म्हणलं, "याचा आवाज जरा खोल जातो, असं म्हणा. मी पण हो म्हणते." नांदेडहून मुद्दाम आणलेला माल काउंटरवर असताना मी असं बोलले, यावर माझ्या नवऱ्याचा अजून विश्वास नाही. आप्पांनी टोपी घातली, मला हात जोडले आणि गेले.

बालाजी यावेळी शनिवारीच गावी आला होता, रविवारी दोघं दुकानात आले. बालाजीनं नवा शर्ट घातला होता. मी फोन आप्पांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो हुंगला नाही. तोलला नाही. नुसताच हातात धरून बसले. बालाजी माझ्याकडं बघून डोळ्यांनीच विनवत होता. शेवटी ठरल्याप्रमाणं मीच तोंड उघडलं, "नाही म्हणलं तरी याचा आवाज जरा खोल..."

"आवाज बेस हाय," आप्पा म्हणाले. "बांधा."

बालाजीचा चेहरा असा फुलला की काय सांगू! तो जुन्या फोनमधलं कार्ड काढायला काउंटरच्या टोकाला गेला, तेव्हा आप्पा माझ्याकडं वाकले. "काल रात्री पोरगं उठून उठून बघत होतं मला, झोपलाव का न्हाई म्हून," ते हळूच म्हणाले. "परमुलखात जायलंय बाई. त्याचा जीव इकडं अडकून ऱ्हाऊ ने."

कार्ड बसलं. फोन सुरू झाला. बालाजी म्हणाला, "आप्पा, मी बाहेरून लावतो, तुम्ही हिरव्यावर बोट टेकवा." तो दुकानासमोर रस्त्यावर उभा राहिला आणि आप्पा बाहेर बाकड्यावर बसले. मी त्यांच्या मागं उभी. रिंग आली, आप्पांनी बोट टेकवलं, आणि काचेत बालाजीचं तोंड आलं.

आप्पांनी आधी काचेत बघितलं, मग मान वर करून रस्त्यावर बघितलं. दोन्हीकडं बालाजी हसत होता.

"जरा लांब जा," आप्पा म्हणाले.

बालाजी रस्ता ओलांडून रसाच्या गाड्यापाशी गेला.

"आनखी."

तो स्टँडच्या फाटकापाशी गेला. एवढासा दिसायला लागला. काचेत मात्र तेवढाच होता, कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता.

"आनखी लांब."

बालाजी मागं मागं सरकत स्टँडच्या भिंतीपर्यंत गेला आणि कोपऱ्यावरून वळला. रस्त्यावर आता नुसती धूळ आणि ऊन. आप्पांनी मान वर करून त्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग फोनकडं.

"आप्पा, आता दिसतो का?" बालाजीनं काचेतून विचारलं.

"दिसायलास," आप्पा म्हणाले. "लई चांगला दिसायलास." उपरण्याच्या टोकानं त्यांनी काच पुसली, मग डोळे पुसले. "आता माघारी ये."

आणि त्यांनी फोन मांडीवर उपडा ठेवला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले आणि त्या कोपऱ्याकडं बघत बसले. मांडीवरून बालाजीचा आवाज येत होता, "आलो आप्पा, आलो. निघालोच."