साळवेबाईंचं हिरवं कडं

औताडे सरांच्या माती परीक्षण केंद्रात सत्यशीला साळवे बावीस वर्षं काम करत होत्या. या बावीस वर्षांत सरांनी त्यांचं एकदाही कौतुक केलं नव्हतं. रागावलेही नव्हते. "नमुने वाळले?" "वाळले." "चाळले?" "चाळले." एवढ्या बोलण्यावर श्रीरामपूरच्या मार्केट यार्डामागचं ते दोन खोल्यांचं केंद्र सुखानं चाललं होतं.

यंदा मात्र शेतकऱ्यांकडून येणारे मातीचे नमुने कमी झाले. साळवेबाईंनी ही काळजी पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीला, दिशाला, फोनवर बोलून दाखवली.

"आई, नोकरी-व्यवसायातल्या लोकांची साइट असते. तिथं प्रोफाईल काढ. ठिबकवाले, खतवाले, कृषी अधिकारी, सगळे असतात. ओळखी वाढल्या की नमुने येतील."

"माझ्याशी कोण ओळख करणार गं?"

"काढ तर खरं!"

दुपारच्या डब्यानंतर बाईंनी प्रोफाईल काढलं. नाव, शिक्षण, अनुभव, आंबा रंगाच्या साडीतला फोटो. शेवटी साइटनं इंग्रजीत विचारलं, की तुम्ही कामाला तयार आहात का? बाईंना जरा रागच आला. अंगात ताप असतानासुद्धा ज्यांनी खाडा केला नाही, त्यांना हे विचारणं म्हणजे काय! त्यांनी ठसक्यात 'हो' दाबलं. लगेच फोटोभोवती एक हिरवं कडं उमटलं. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरं होती. चष्मा पर्समध्ये होता, पण अक्षरं वाचायची गरजच वाटली नाही. 'हो' म्हटल्याबद्दल मिळालेलं पदक असावं. आंबा रंगावर हिरवा शोभतही होता. म्हणून त्यांनी तोच फोटो व्हॉट्सॲपलाही लावला. मातीचे अहवाल त्या व्हॉट्सॲपवरच पाठवत, त्यामुळे निम्म्या जिल्ह्याच्या मोबाईलमध्ये त्यांचा नंबर होता.

दुसऱ्या दिवशी सोनईहून भागवतरावांचा फोन आला. हे त्यांचे जुने शेतकरी.

"ताई, लई वाईट वाटलं बगा. सरांनी आसं करायला नको हुतं."

"काय केलं सरांनी?"

"ऱ्हाऊ द्या, तुमाला बोलायला जड जात आसंल. आमच्या दूध संकलन केंद्रात फॅट बगायला मानूस पायजे हाय. कवाबी या."

बाई चक्रावल्या. दुपारपर्यंत असेच आणखी चार फोन आले. कुणी नर्सरीत बोलावलं, कुणी नुसताच धीर दिला. बाईंनी हिशोब जुळवला. सर केंद्र बंद करणार होते. जगाला कळलं होतं, आपल्यालाच तेवढं सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी खर्ड्याहून धाकटा भाऊ नितीन दोन एसट्या बदलून ज्वारीचं पोतं घेऊन दारात हजर.

"ताई, तू कायबी बोलू नको. दिशाला कळवलंस का?"

"काय कळवायचं?"

"तेच म्हणतो मी. नको कळवू. आमी हाय ना."

आता शंकाच उरली नाही. त्यात सरांचं वागणं बदललं. बाईंच्या खुर्चीवर नवी गादी आली. मातीच्या पिशव्यांची पाटी सर स्वतः उचलू लागले. एकदा तर त्यांनी विचारलं, "साळवेबाई, पंख्याचा वारा लागतो ना तिथं?" बिचारे निरोपाची तयारी करताहेत! आपण होऊन विचारलं तर त्यांना आणखी लागेल, म्हणून बाईंनी जुनी कपाटं आवरायला घेतली.

सर दारात येऊन बघत राहिले. "कपाटांची घाई नव्हती."

"असू दे सर. मागं काही राहायला नको."

सर बाहेर चहाला गेले, ते तासाभरानं आले.

शुक्रवारी बाईंच्या फोनवर साइटचा निरोप आला: मच्छिंद्र औताडे यांनी तुमच्यासाठी शिफारस लिहिली आहे. सर समोरच पाठ करून बसले होते, विनाकारण परीक्षानळ्या पुसत. बाईंनी चष्मा लावला. केंद्र सुरू केल्यापासून बत्तीस वर्षं सरांनी फक्त मातीचे अहवाल लिहिले होते. हाही तसाच होता.

'नमुना: सत्यशीला साळवे. पोत: मऊ, पण ठिसूळ नाही. सामू (पीएच): उदासीन, आंबट बोलणे आढळले नाही. निचरा: उत्तम, राग साचून राहत नाही. सुपीकता: यांच्या हाताखाली शिकून चार मुली मोठ्या प्रयोगशाळांत लागल्या. सूचना: वेगळे खत देण्याची गरज नाही. हा नमुना उचलल्यास मूळ जागेचे मोठे नुकसान होईल, तरी घेणाऱ्याने निःशंक घ्यावा.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा अक्षरं पुसट दिसली.

"सर, मी कुठं चाललेय?"

"ते मी कसं सांगू? तुम्हीच काम शोधताय."

"मी? अहो, केंद्र तर तुम्ही बंद करताय!"

सर वळले. "कुणी सांगितलं?"

"सोनईच्या भागवतरावांनी. म्हणजे, तसं त्यांनी..."

"आणि त्यांना कुणी सांगितलं?"

सरांनी आपला मोबाईल काढला, बाईंचा फोटो मोठा केला आणि हिरव्या कड्यावर बोट ठेवलं. "साळवेबाई, याचा अर्थ, नोकरी पाहिजे."

"अगं बाई! मला वाटलं, कामसू माणसाला देतात!"

सरांच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. सर हसताहेत, हे बाईंना जरा उशिरा कळलं, कारण तो आवाज त्यांनी आधी कधी ऐकला नव्हता. मग त्याही हसत सुटल्या, पदर तोंडाला लावून.

"मग ते लिहिलेलं काढून टाकतो," सर घाईनं म्हणाले.

"हात लावू नका!" बाईंनी फोन छातीशी धरला. मग चष्मा सारखा करून पुन्हा एकदा नजर फिरवली. "पण सर, यात दोष कुठं आहेत? क्षार लिहायचे राहिलेत."

सर परत परीक्षानळ्यांकडे वळले.

"राहिले नाहीत. थोडे आहेत. पण ते बाहेरच्यांना कशाला सांगायचं?"