तिसऱ्या दुरुस्तीतला पाहुणा

"हा गडी या घरात राहू शकत नाही," थार्पमास्तरांनी दारातच जाहीर केलं. "तिसरी घटनादुरुस्ती!"

पायरीवर डेल खांद्यावर पिशवी घेऊन उभा होता. शेजारी मास्तरांची एकुलती एक लेक थिया. डेलशी लग्न ठरवल्याचं सांगून बाबांचा होकार घ्यायचा, म्हणून ती त्याला घेऊन अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या या गावी आली होती. गावात जत्रा, त्यामुळे एकमेव लॉज भरलेलं.

मास्तरांनी हयातभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं होतं. घटनेत जे लिहिलंय तेच खरं, काना-मात्रेचाही फरक नाही, हे त्यांचं मत. घटना काळाबरोबर वाढते, असं वकील झालेली थिया म्हणे. या वादात बापलेकीच्या ताटातलं कित्येकदा निवून जाई. डेलमध्ये खोट अशी काहीच नव्हती. लेक लांब जाणार, एवढंच मास्तरांना सलत होतं, आणि ते कुठल्याच कलमात बसत नव्हतं.

"शांततेच्या काळात, मालकाच्या संमतीवाचून, कुठल्याही घरात सैनिक ठेवता येणार नाही," त्यांनी पाठ म्हणून दाखवलं. "तू सैनिक ना?"

"हो, सर."

"सध्या युद्धावर?"

"नाही, सर. रजेवर."

"मग संपलं!"

"बाबा, इंग्लंडच्या राजाचे सैनिक बळजबरीनं लोकांच्या घरात घुसायचे, म्हणून लिहिलंय ते!" थिया उसळली. "हेतू बघा की जरा!"

"हेतू कागदावर नाही. कागदावर शब्द आहेत."

डेल खाकरला. "सर, शब्द 'घर' असाच आहे ना? अंगण नाही?"

मास्तर अडखळले. "नाही."

"मग मी अंगणात तंबू ठोकतो."

त्यानं तो ठोकलाही, अगदी शिस्तीत. जत्रेहून परतणाऱ्या शेजारच्या गुंडरसनबाई कुंपणापाशी थबकल्या. "काय गं लोर्ना, पाहुण्याला घरात जागा नाही होय?"

"जागा आहे हो," मास्तरांची बायको म्हणाली. "घटना आडवी आली."

गुंडरसनबाईंनी घरून केक आणला. त्यांच्या नवऱ्यानं शेगडी आणली. शेगडीच्या वासानं आणखी दोन घरं आली, येताना आपापल्या खुर्च्या घेऊन. शेवटी लोर्नाही आपलं ताट उचलून बाहेर गेली. मास्तर स्वयंपाकघरात एकटेच थंड बटाटे चिवडत बसले. बाहेर थिया खळखळून हसली, तसा त्यांचा धीर सुटला. त्यांनी खिडकी उघडली.

"बंद करा हे! घर म्हटलं की अंगणही आलंच त्यात! लिहिणाऱ्यांचा हेतू बघायला नको का?"

थियानं हातातला चमचा खाली ठेवला.

"बाबा, शेवटचं वाक्य परत म्हणा ना."

मास्तर खिडकी लावायला गेले. ती नेमकी अडकली.

"आणि वेंडेल," लोर्ना नवऱ्याला म्हणाली, "हे घर माझ्या मावशीनं माझ्या नावावर केलंय. म्हणजे मालक मी. माझी संमती आहे. अक्षर न् अक्षर वाच हवं तर. डेल, उचल पिशवी."

टाळ्या पडल्या. डेल मात्र जागचा हलला नाही.

"नको, काकू. 'मालक' हा शब्द मी जरा सैल वाचतो. सर 'ये' म्हणेपर्यंत मी इथंच बरा."

मास्तर खिडकीतून त्याच्याकडे बघत राहिले. सगळ्या नोकरीत इतका चुकीचा, आणि इतका आवडलेला अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता.

"ये आत," ते पुटपुटले. "पण हा निकाल या एका प्रकरणापुरता. पायंडा पडणार नाही."

"आणि आमचं लग्न, बाबा?"

मास्तरांनी चष्मा काढला आणि तो उगीचच बराच वेळ पुसला.

"लग्नाबद्दल घटनेत एक अक्षरही नाही."

थियाचा चेहरा उतरला.

"तोंड काय पाडतेस? लिहिलेलं नाही, म्हणजे मनाई नाही! वर्गात लक्ष कुठं असायचं तुझं?"