साहेब पालक खात नाहीत

"यातला एकच ठेवायचा, आई. कोनता, ते तुमी दोघं ठरवा. मी पंधरा दिवसानं येतो, तवा दुसरा नागपूरच्या दोस्ताले देऊन टाकतो," दोन पिंजरे पडवीत ठेवत नीरज म्हणाला.

पुण्याच्या कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी परदेशी पाठवायचे ठरवले होते. दूर जाणारा माणूस आपले एकटेपण बरोबर नेतो आणि त्या एकटेपणाची सोबत तेवढी आईबापांच्या पडवीत ठेवून जातो. सेलूच्या अलीकडे, रस्त्यापासून दोन शेते आत असलेल्या या पडवीत नीरजची शाळेची सायकल, बारावीची पुस्तके आणि तीन तारांची गिटार यापूर्वीच मुक्कामाला आलेली होती.

गोपिकाबाईंनी पहिल्या पिंजऱ्यात डोकावून पाहिले. आत हातभर लांबीचा, हिरवट करड्या रंगाचा, गळ्याखाली कातडीची झालर असलेला प्राणी फांदीवर निश्चल बसला होता. एखादी फार जुनी गोष्ट आठवत असावी आणि तीही अर्ध्यावर विसरली असावी, असा त्याचा चेहरा होता.

"हे तं घोरपड हाय! जंगलखात्याचे लोक येतीन ना रे घरी!"

"घोरपड नाई, आई. इग्वाना. याचे सारे कागद हायेत, नोंदनी केली हाय."

"आन् हे मुंगूस?"

"फेरेट."

"मंग मुंगूसच मन ना सरळ."

"इग्वाना निरा पालाच खाते. फेरेटले अंडं, कोंबडी. आन् हे ध्यानात ठेवजा, थंडीत इग्वानाले ऊब लागते, मनून हा बल्ब दिवसभर..."

हे वाक्य कोणी पुरते ऐकले नाही. कारण फेरेट तेवढ्यात पिंजऱ्याच्या दारातून निसटून नीरजच्या वडिलांच्या, दौलतरावांच्या पायजम्यात शिरले होते आणि दौलतराव, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, पडवीभर नाचत होते. ते बाहेर काढेपर्यंत नीरजच्या गाडीची वेळ झाली.

दौलतरावांचा दोन एकरांचा भाजीचा मळा होता. पण त्याला नाव गोपिकाबाईंचे होते. 'गोपिकाबाईंचा विषमुक्त मळा' या नावाने वर्धा शहरालगतच्या नालवाडीतल्या त्रेचाळीस घरांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालत असे, आणि त्या ग्रुपवर निवृत्त मुख्याध्यापिका शकुंतलाबाई यांचे राज्य होते. दर रविवारी सकाळी त्या ऑटोने येत, जुड्या उलटसुलट करून पाहत आणि त्रेचाळीस कापडी पिशव्या भरून नेत. दहा झाडांच्या पाल्याचा, किडीवर फवारायचा दशपर्णी अर्क गोपिकाबाई स्वतः कोपरापर्यंत हात घालून ढवळत. त्या हातांना येणारा वास हेच त्यांचे प्रमाणपत्र होते.

पहिले तीन दिवस निवडीचा प्रश्न सोपा वाटला. इग्वाना मळ्यातला पालक आणि जास्वंदाची फुले शांतपणे खाई आणि उरलेला वेळ कोणालाही आपली गरज नसल्यासारखा बसे. ताट पुढे आल्यावर आधी ते निरखून मगच तोंड लावण्याच्या त्याच्या पद्धतीमुळे गोपिकाबाईंनी त्याचे नाव 'साहेब' ठेवले. फेरेटचे झाले 'चिंगी'. मुंगसाचे तोंड पाहून घराबाहेर पडले की काम होते, ही शिवारातली जुनी समजूत चिंगीला लागू पडायला एक दिवसही लागला नाही.

शेजारचे सदाशिवराव शेताच्या मोजणीसाठी सेलूला जाण्याआधी सकाळी सात वाजता दारात उभे राहिले.

"वहिनी, मुंगसाचं तोंड दाखवा जरासं."

"झोपलं हाय ते, भाऊजी."

"उठवा ना मंग! मोजनीवाले दोन सालानं येऊन राह्यले. ते काय रोज येते?"

चिंगी दिवसाचे सोळा-सतरा तास झोपत असे. तिला गोधडीतून उपसून, मानगुटीला धरून, जांभई देत असतानाच सदाशिवरावांना दाखवण्यात आले. मोजणी त्यांच्या बाजूने झाली. दुसऱ्या दिवशी दारात पाच माणसे होती.

याच गडबडीत बुधवार आला. गोपिकाबाई एका केळवणाला समुद्रपूरला गेल्या होत्या. पालकाच्या वाफ्यांवर माव्याची कीड पडली होती, दशपर्णीला ती दाद देत नव्हती आणि रविवार चार दिवसांवर होता. दौलतराव बराच वेळ वाफ्याच्या कडेला उभे राहिले. मग त्यांनी कडब्याच्या गंजीमागे दडवलेली निळ्या झाकणाची बाटली काढली. फवारणीचा बॅटरीपंप चार्ज करायला पडवीतल्या बोर्डावर एकच जागा होती. तिथली साहेबांच्या बल्बची पिन काढून त्यांनी पंपाची लावली. बाटलीबरोबर फुकट मिळालेले रबरी हातमोजे चढवले आणि दुपारच्या रिकाम्या, साक्षीहीन उन्हात पालकाचे चारही वाफे फवारले. बाटलीवर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिले होते : फवारणीनंतर पंधरा दिवस काढणी करू नये. ते त्यांनी फवारून झाल्यावर वाचले.

बाटली त्यांनी शेताच्या कडेला, धुऱ्यावर पुरली. हातमोजे पुरायला घेतले, तो उजवाच सापडला. डावा कुठेच नव्हता. शोधता शोधता ते पडवीत आले, तेव्हा चिंगी काहीतरी निळे, रबरी, पाच बोटांचे ओढत आपल्या गोधडीत शिरत होती. बल्बची पिन खाली लोंबत होती. पण त्या क्षणी तिच्याकडे पाहण्याइतके मन त्यांच्याजवळ शिल्लक नव्हते. संध्याकाळी परतलेल्या गोपिकाबाईंनाही विझलेल्या बल्बचे काही वाटले नाही. दिवसाढवळ्या दिवा जळणे हेच त्यांना इतके दिवस खुपत होते.

गुरुवारी साहेबांनी पालक खाल्ला नाही.

शुक्रवारीही नाही. डोळे अर्धे मिटून, फांदीला पोट चिकटवून ते बसून राहिले. ताटातली पाने सकाळी हिरवी असत आणि संध्याकाळी तशीच, फक्त थोडी अधिक आरोप करणारी.

"काऊन खाऊन नाई राह्यला वो हा?" दौलतरावांनी विचारले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"मले काय मालूम? मेथी देल्ली, तेयी नाई खाल्ली."

मेथीचा वाफा पालकाच्या वाफ्याला लागूनच होता आणि बुधवारी वारा तिकडेच होता, हे दौलतरावांना ठाऊक होते. त्यांनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी एक पापणी सावकाश खाली आणली.

रविवारी शकुंतलाबाई आल्या. त्या नेहमी पुस्तकातल्यासारखे शुद्ध बोलत. वर्धेत चाळीस वर्षे शिकवूनही त्यांच्या तोंडून वऱ्हाडी ऐकल्याचे कोणाला आठवत नव्हते.

"हा प्राणी पालक का खात नाही, गोपिका?"

"उपास असन साहेबाचा."

"उपास असता, तर त्याने साबुदाणा मागितला असता. जनावराला माणसापेक्षा जास्त कळतं."

गोपिकाबाईंचा चेहरा ताठ झाला. "बाई, माह्या पानावर इखाचा एक थेंब निंघाला ना, तं मी नालवाडीत तोंड नाई दाखवनार. घ्या. माह्या हातचा हाय."

शकुंतलाबाईंनी पालक घेतला. पण न खाल्लेल्या ताटाचा फोटोही घेतला. ऑटो डांबरी रस्त्याला लागण्याआधी तो त्रेचाळीस घरी पोहोचला होता. दुपारी ग्रुपवर निर्णय आला : पुढच्या रविवारी ताट समक्ष पाहण्यात येईल, प्राण्याने पालक खाल्ला तर व्यवहार चालू, न खाल्ला तर ग्रुप बंद.

गोपिकाबाईंनी तो निर्णय दोनदा वाचला. मग फोन पदराला पुसला, जणू अक्षरे पुसली जातील.

इथून दौलतरावांच्या आयुष्यातला विचित्र आठवडा सुरू झाला. पडवीत एका बाजूला न्यायाधीश बसला होता आणि दुसऱ्या बाजूला साक्षीदार झोपला होता. न्यायाधीशाला नागपूरला पाठवावे, तर साक्षीदार हातमोज्यासह घरात राहणार. साक्षीदाराला गोधडीसकट पाठवावे, तर न्यायाधीश रोज सकाळी न खाता निकाल देणार.

"मी मनतो, मुंगूस ठेवू. शुभ असते," ते सकाळी म्हणत.

"मी मनतो, घोरपड ठेवू. गरीब हाय बिचारी," ते संध्याकाळी म्हणत.

"अजी, वांग्याचं बी घ्यायले तुमाले इतका टाइम नाई लागत," गोपिकाबाई म्हणाल्या. "एका तोंडानं बोला ना काय ते!"

गुरुवारी गोपिकाबाई भाकरी टाकत असताना दौलतरावांनी गोधडीत हात घातला. हातमोज्याचे एक बोट हाताला लागले. त्यांनी ते ओढले. चिंगीने दुसऱ्या टोकाकडून ओढले. मग चिंगीने विचार बदलला आणि दौलतरावांचेच बोट धरले. आरोळी ऐकून गोपिकाबाई आल्या, तो नवरा गोधडीपुढे गुडघे टेकून बसलेला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी.

"लळा लागला वाटते तुमाले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. पोरगा परदेशी चाललेला होता. त्यांनी त्या पाण्याचा स्वतःपुरता अर्थ लावला आणि हळद आणायला गेल्या.

मात्र त्या दिवसांत दौलतराव सर्वांत अधिक वेळ बसले ते साहेबांसमोर. जगात आपले गुपित जाणणारा एकच जीव असला, की माणूस त्याला भिऊ लागतो, आणि भीता भीता त्याच्याशी बोलू लागतो.

"खाय ना बाप्पा एक पान," ते आधी विनवत. मग लगेच म्हणत, "नोको. राहू दे. नोको खाऊ."

साहेब दोन्ही म्हणणी सारख्याच शांतपणे ऐकून घेत.

दुसरा रविवार उजाडला. फवारणीला अकरा दिवस झाले होते. थंडी अंगणात अजून बसून होती. शकुंतलाबाई खुर्चीत, मोबाइल मांडीवर, रिकाम्या पिशव्या पायाशी. गोपिकाबाईंनी पालकाची कोवळी पाने धुऊन ताटात मांडली आणि त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. साहेब हलले नाहीत. दहा मिनिटे गेली. शकुंतलाबाईंनी चष्मा काढून पुसला. शाळेत नापासांची यादी वाचण्याआधी त्या असेच करीत असत.

एवढ्यात नीरज आला. पिशवी टाकून त्याने पिंजऱ्यात हात घातला.

"अरे, हा तं थंडागार पडला! बल्ब काऊन बंद हाय?"

"दिवसा दिवा कोन लावते रे?" गोपिकाबाई म्हणाल्या.

"आई, ऊब नसली तं याचं पोटच चालत नाई. मंग हा काय खाईन? अंगाले गरमी लागू द्या, मंग पाहा."

त्याने लोंबती पिन बोर्डात बसवली. पिवळा उजेड साहेबांच्या पाठीवर पडला. चहा झाला, दुसरा चहा झाला. हळूहळू करड्या अंगात हिरवा रंग वर चढू लागला, दूरच्या मळ्यात पाणी चढत जावे तसा. साहेबांनी दोन्ही डोळे उघडले. फांदीवरून उतरले. ताटाकडे निघाले.

"म्हणजे पालकाचा दोष नव्हताच," शकुंतलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइल उचलून चित्रण सुरू केले. आठवड्यात प्रथमच गोपिकाबाईंच्या खांद्यांवरचा ताठा सैल झाला.

दौलतराव सुटले होते. न्यायाधीशाला काहीच ठाऊक नव्हते. त्याला फक्त थंडी वाजत होती. आता काही करायचे नव्हते, फक्त बसून राहायचे होते. साहेब पान खातील, ग्रुप चालू राहील, चार दिवसांनी बाटलीवरची मुदतही संपेल आणि सारे काही खरे होऊन जाईल.

साहेबांनी जीभ लावून पान पाहिले. मान तिरपी केली. आणि विश्वासाने तोंडात धरले.

"नोको! थुक, थुक ते!"

दौलतरावांनी पिंजऱ्यात खांद्यापर्यंत हात घातला होता. पानाचे एक टोक साहेबांच्या तोंडात होते, दुसरे त्यांच्या चिमटीत. पान सुटले. ताट उलटले. चित्रण चालूच होते.



"फवारा मारला होता," दौलतराव हातातल्या पानाकडे पाहत म्हणाले. "अकराच दिवस झाले. मरून जाईन ना ते बिचारं."

शकुंतलाबाई खुर्चीतून उठल्या. बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले; आणि चाळीस वर्षांची शुद्ध भाषा एका क्षणात त्यांना सोडून गेली.

"मागच्या ऐतवारी तोच पालक म्या खाल्ला, तवा माह्या तोंडातून काऊन नाई ओढला जी, दौलतराव?"

आवाजाने जागी झालेली चिंगी गोधडीतून बाहेर आली. आपला सर्वांत मौल्यवान ठेवा सुरक्षित जागी हलवावा म्हणून तिने तो पडवीच्या मध्यातून, सर्वांच्या पायांमधून, सावकाश ओढत नेला. निळा, रबरी, डाव्या हाताचा. चौघेही त्याच्याकडे पाहत राहिले. साक्षीदार हजर झाला होता, पण खटला संपल्यावर.

गोपिकाबाईंनी आधी हातमोजा पाहिला, मग स्वतःचे दशपर्णीच्या वासाचे, भेगाळलेले हात. पालकाच्या सगळ्या जुड्या उचलून त्यांनी खड्ड्यात टाकल्या, वर माती लोटली आणि परत येऊन शकुंतलाबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"ते चित्रन टाका ग्रुपवर, बाई. सारं टाका. पालक बाद झाला, गोपिकाबाईनंच बाद केला, असं लिवा खाली. मेथीयी देत नाई. वांगी त्या टोकाले हायेत, पन तेयी कुठंयी तपासून आना आन् मंगच बोला."

शकुंतलाबाईंनी चित्रण थांबवले. मग त्रेचाळीस पिशव्यांपैकी एक उचलून वांग्यांच्या वाफ्याकडे चालू लागल्या. "एकच नेते," त्या म्हणाल्या. भाषा परत आली होती. "आधी मी खाईन. मंगळवारपर्यंत जिवंत राहिले, तर बाकीच्यांना सांगेन."

पडवीत बल्बखाली साहेब जास्वंदाचे फूल खात होते. समोर दौलतराव बसले होते, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना त्या डोळ्यांची भीती वाटत नव्हती.

नीरजने घड्याळ पाहिले. नागपूरचा दोस्त वाट पाहत असणार. "मंग आई, ठरलं का? कोनता नेऊ?"

गोपिकाबाईंनी आधी पिंजऱ्याकडे पाहिले, मग गोधडीकडे, आणि शेवटी नवऱ्याकडे.

"कोनताच नोको नेऊ," त्या म्हणाल्या. "दोघंयी राहू दे. तुह्या बाबावर एकाचं ध्यान पुरत नाई."