ताऱ्यांच्या पल्याडचा, पाटाच्या पाण्यात

महाराष्ट्रातला सर्वांत भयानक सिनेमा पलूसात निघणार आणि तो मी, नियाज गादीवाला, काढणार, हे मी सगळ्या बाजाराला छातीठोकपणे सांगून टाकलं होतं!

मला आणि माझ्या बायकोला, जरिनाला, एका जातीच्या सिनेमांचं वेड. विश्वाच्या पलीकडून काहीतरी अजस्र येतं. त्याच्यापुढं माणूस म्हणजे मुंगीसुद्धा नाही. पण सिनेमावाल्यांच्या खिशात दमडी नसते. म्हणून त्या अजस्राचे हात रबरी मोज्यांचे, आणि मागून कुणाचं तरी मनगट दिसतं, घड्याळासकट! जरिना हसून हसून गडाबडा लोळते. म्हणते, "बिचाऱ्यानं घरीच शिवलंय वो!" मी मात्र हसताहसता आतून भीतीनं गार पडायचो. ठरवलं, आपला राक्षस बघून कुणी हसता कामा नये!

राक्षस आमच्या गाद्यांच्या दुकानातच तयार झाला. जुन्या गाद्यांच्या खोळी, त्यात गच्च कापूस, ठिबकच्या नळ्यांचे हात आणि चहाच्या गाळण्यांचे डोळे. आत शिरायला कुणी तयार होईना, म्हणून मीच शिरलो. जरिनानं दाभणानं मला पाठीमागून शिवून टाकलं आणि मोबाईल धरून उभी राहिली.

शूटिंग लालासाहेबांच्या उसाच्या बांधावर. लालासाहेब फौजेतून रिटायर झालेले, त्यामुळं हुकूम सोडायचं काम त्यांच्याकडं. नटी म्हणजे आमच्या शेजारच्या रंगूबाई. त्यांनी मला बघून "वाचवा!" म्हणून किंचाळायचं आणि वेडं व्हायचं. बास, एवढंच!

"ॲक्शन!" लालासाहेब असे गरजले की उसातले बगळे उडाले.

मी सळसळत बाहेर आलो. रंगूबाई पुढं आल्या, वाकल्या आणि गाळणीला डोळा लावून आत बघायला लागल्या!

"कोण रं तू?"

"मी ताऱ्यांच्या पल्याडनं आलोय!" मी घोगरा आवाज काढला.

"लय लांबनं आलास की! जेवलास का न्हाई?"

"रंगूबाई, घाबरा!" मी आतून कुजबुजलो.

"आरं, घामानं थबथबलायस! माजा जीव तुटतोय तुला बगून. घाबरू कशी?"

मला आला राग! डरकाळी फोडून झेप घेतली, तर माझ्याच एका नळीत पाय अडकला आणि मी थेट पाटात पालथा! पाट भरून वाहत होता. कापसानं पाणी जे प्यायला सुरुवात केली, म्हशीनं काय प्यावं! अंगावर म्हैसच बसल्यासारखं झालं. हात हलेना, मान वळेना, गाळण्यांतून पाणी आत यायला लागलं.

"वाचवा!" मी ओरडलो.

"वा गड्या! काय ॲक्टिंग!" लालासाहेबांनी टाळ्या पिटल्या. "चालू ठेवा!"

जरिनानं मात्र तो आवाज ओळखला. मोबाईल बांधावर टाकून ती चपलांसकट पाटात उतरली. "रंगूबाई, विळा आणा!" रंगूबाईंनी पोतं फाडावं तशी माझी पाठ उसवली. मग लालासाहेबांनाही उमगलं आणि त्यांनी मला बखोटीला धरून ओढलं. पुढचं मला काही आठवत नाही.

मोबाईलला मात्र सगळं आठवत होतं. तो गवतात पडून चालूच होता!

रविवारी संध्याकाळी लालासाहेबांच्या अंगणात चादर बांधून सिनेमा दाखवला. "जेवलास का न्हाई?" ला लोक पोट धरून लोळायला लागले. मी मागच्या मागं सटकायच्या बेतात होतो. तेवढ्यात पडद्यावर सगळं तिरकं झालं. कडेला गवताची पाती, आणि फाटलेल्या राक्षसातून निघालेला मी, डोळे मिटलेला. जरिना माझ्या गालावर चापट्या मारत होती. "नियाज! ए नियाज! डोळं उगड!"

लग्न झाल्यापासून तिनं माझं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं.

लोळणारे लोक उठून बसले. कुणीतरी नाक शिंकरलं. वळून बघितलं, तर लालासाहेब! मग पडद्यावर मी खोकलो, रंगूबाई म्हणाल्या, "ह्याला आदी गूळपाणी द्या गं," आणि अंगणात अशी टाळी पडली की चादर सुटून खाली आली.

घरी निघताना मी जरिनाला हळूच विचारलं, "खरं सांग. भ्या वाटलं?"

"लय!"

मी फुगलो. "बग! म्हंजी राक्षस जमला!"

"राक्षसाचं कोण बोलतंय?"

एवढं बोलून ती स्कूटरवर मागं बसली आणि माझ्या कमरेला घट्ट मिठी मारली. घर येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. बोलायला श्वास तर पुरायला हवा ना!